तळाला चांदणी असलेली काच

जुन्या काचेचा एक गुण आहे. घरात एक वाटी आली की तिच्यामागून चार किस्से येतात, आणि वाटी फुटली तरी किस्से काही फुटत नाहीत! आमच्याकडे आता काच कमी आणि किस्से जास्त झालेत.

आम्ही म्हणजे चौघं. कुदळवाडीत भंगारचं दुकान असलेले सलीमभाई, टूलरूममधून रिटायर झालेले गावडे काका, सीएनसी मशीनवर काम करणारा लातूरचा मुंडे आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघणारी मी. रविवारी सलीमभाईंच्या दुकानात जमायचं आणि साच्यात दाबून केलेल्या जुन्या रंगीत डिशा-वाट्या कुठल्या कारखान्याच्या ते ओळखायचं, हा आमचा नाद.

काकांचा मात्र नुसता नाद नाही. त्यांचे वडील, म्हणजे दादा, मावळातल्या एका काचकारखान्यात साचे कापायचे. कारखाना कधीच बंद पडला, वडील गेले, आणि घरात त्यांच्या साच्यातली एकही वस्तू नाही. "एक तरी हातात यावी," एवढंच काका म्हणतात.

*

एकदा रावेतचे एक साहेब हिरवी डिश घेऊन आले. आधी पेपरात, मग टॉवेलात, वरून परत पेपरात गुंडाळलेली.

"बेल्जियमची आहे. आजोबांनी बोटीनं मागवली होती."

आपल्याकडे जुनी काच म्हटली की ती बेल्जियमचीच. बाकीच्या देशांत बहुतेक काच होतच नाही! काकांनी डिश उलटीसुलटी करून पाहिली. विड्याच्या पानाचा आकार, देठाशी चुन्यासाठी छोटा खळगा.

"साहेब, बेल्जियमची माणसं पान खात्यात व्हय?"

साहेबांनी डिश परत गुंडाळली. या वेळी फक्त पेपरात.

*

कंपनीत पार्टला गेलेले बारीक तडे शोधायला आम्ही जांभळ्या उजेडाचा टॉर्च वापरतो. काही जुनी हिरवी काचही त्या उजेडात चमकते, हे वाचल्यापासून मला चैन पडेना. स्वतःचा टॉर्च घेतला, सलीमभाईंना शटर खाली ओढायला लावलं. एक वाटी खरंच पोपटी पेटली! आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मुंडेचा नुकताच धुतलेला शर्टही लखलखला.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "ताई, मुंडेला पण कपाटात ठेवायचं का?"

*

काकांची परीक्षा टॉर्चची नाही, नखाची. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात, तिथं काचेवर बारीक जोडरेघ उमटते. काका तिच्यावरून नख फिरवतात. अडकलं की डिश बाजूला.

"दादांची न्हाई. दादांच्या साच्याला नख अडकत न्हाई."

तळाला त्या कारखान्याची खूण, म्हणजे फुगीर चांदणी असली, तरी न्हाईच! "साचं कापणारे तिथं चौघं होते, ताई." अशा कितीतरी वाट्या त्यांनी परत केल्या.

एकदा चहा पिताना कारण कळलं. सतराव्या वर्षी काकांनी पहिला साचा कापून वडलांपुढं ठेवला. वडलांनी नख फिरवलं आणि साचा कोपऱ्यात फेकला. "नख अडकतंय. तुझ्या हाताला हे काम न्हाई." दुसऱ्या दिवशी काका पिंपरीला येऊन कंपनीत चिकटले. पुढं टूलरूममध्ये साचे करण्यात त्यांचं नाव झालं, पण ते काम वडलांनी कधी येऊन पाहिलं नाही. मला ऐकून फार वाईट वाटलं.

*

मुंडेला शेजाऱ्यांनी टाकायला काढलेली निळी डिश मिळाली. तो ती मोठ्या खुशीत घेऊन आला.

"काका, तळाला बर आला होता. पॉलिश पेपरनं घासून एकदम प्लेन केलाय बघा!"

मशीनवरच्या माणसाला पार्टवर बर, म्हणजे कडेला उरलेली खरखर, दिसली की हात आवरत नाही. काकांनी जोडरेघेवरून नख फिरवलं. अडकलं नाही! पुन्हा फिरवलं. नाहीच अडकलं. मग त्यांनी तळ पाहिला. घासलेल्या जागी चांदणीचं टोक उरलं होतं की पेपरचे चरे होते, कुणालाच सांगता येईना.

"मुंडे, बर न्हाई काढलास. पत्ता पुसलास."

मुंडे दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी काका स्वतः पिंपळे गुरवला त्याच्या खोलीवर जाऊन त्याला घेऊन आले.

*

मागच्या महिन्यात सलीमभाईंना आळंदीच्या एका आजींचा पत्ता लागला. आजींचे मालक त्याच कारखान्यात साच्यात काच दाबायच्या प्रेसवर होते. आम्ही चौघंही गेलो. आजींनी मधाच्या रंगाच्या डिशमधले शेंगदाणे पदरात ओतले आणि डिश पुढं केली. तळाला चांदणी!

"गावडे मिस्त्रींनी कापलेला साचा," आजी म्हणाल्या. "पयली डिश निघाली ती त्यांनी आमच्या मालकांच्या हातात दिली. ही तीच. म्हणलं व्हतं, ह्याच्यापरीस चांगला साचा माझ्या हातनं झाला न्हाई."

काकांनी डिश दोन्ही हातांनी घेतली. जोडरेघेवर नख ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. अर्ध्यावर नख थांबलं. त्यांनी परत फिरवलं. परत तिथंच थांबलं.

"आजी," काका म्हणाले, "नख अडकतंय ओ."

आजी शेंगदाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग नखं कापत जा की, बाबा!"

काका हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आम्हा तिघांना मात्र मान वर करवेना.