धोंडाईची ओळ

माझी कादंबरी वाचून तुम्ही मला पत्रं पाठवलीत. ‘खडी’ हा आमचा रॉक बँड मुळशीत कसा उभा राहिला आणि कसा फुटला, ते वाचून रक्त तापलं म्हणालात. मी सगळ्यांना उत्तरं दिली — एकातही खरं लिहिलं नाही. घरच्यांनासुद्धा ठाऊक नाही. आज सांगतोय, ते तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. तुमचं कौतुक आता मला ऐकवत नाही.

त्या पुस्तकातली चंदा आठवते? नाव झाल्यावर उलटणारी, तळ्याकाठच्या बंगल्यांच्या उद्घाटनाला गाणारी? राग आला ना तिचा? यावा म्हणूनच ती तशी लिहिली.

चंदा म्हणजे हौसा. धरणाच्या वरच्या वाडीतली. भरे गावातल्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये आमची तालीम चालायची. हिंजवडीत नोकरी करणारा लातूरचा नितीन गिटार वाजवायचा, मी शब्द लिहायचो, आणि हौसा — ती गायली की वरचे पत्रे थरथरायचे.

शब्द मी लिहायचो, म्हणालो का? बघा, जीभ अजून तशीच वळते. ज्या गाण्यानं आम्हाला पिरंगुटहून पुण्यात नेलं, ते माझं नव्हतंच. हौसाच्या आईनं रचलेलं भातलावणीचं गाणं ते. डोंगर इकायचा न्हाई, असं सांगणारं. शेवटच्या ओळीत रचणारीनं आपलं नाव गुंफलेलं — धोंडाई.

ती ओळ मी काढली.

का? माझा बाप जमिनी वाचवायच्या चळवळीची पत्रकं काढायचा. त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकलो, आणि पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. लोकांच्या गाण्याला मालक नसतो, असं मी हौसाला तालमीत सगळ्यांसमोर सुनावलं. रेकॉर्डिंगवर ‘शब्द’ म्हणून माझं नाव गेलं होतं, ते नाही बोललो.

ती म्हणाली, “तुमच्या पत्रकावर नाव नसतं ते पोलिसांच्या भ्यानं. माझ्या आयला कुणाचं भ्या हाय रं?”

नितीन हसला. मला ते हसू आजही सहन होत नाही.

पुढच्या कार्यक्रमात तिनं ती ओळ गायली. मी साउंडवाल्याला खूण करून तिचा माईक बंद करायला लावला. ती ओठ हलवत राहिली, मग उतरून गेली. परत आली नाही. बँड इथं फुटला — कादंबरीत शंभर पानं घेतली आहेत मी त्याला.

तिच्या जाण्याचं कारण काय सांगायचं? नितीनला सांगितलं, डोंगर विकत घेणाऱ्या बंगलेवाल्यांनी तिला गाठलंय. त्यानं लगेच मान डोलावली. आमच्या चळवळीत एखादा गप्प झाला की तो विकला गेला, असंच धरतात. आधी बोललो, मग लिहिलं.

तेवढ्यावर तरी थांबायचं? पुस्तक घेऊन मी तिच्याच वाडीत गेलो. पत्रकं वाचतात तसं देवळासमोर उभं राहून ते प्रकरण मोठ्यानं वाचलं. नाव चंदाचं होतं, पण माना एकाच घराकडे वळल्या. धोंडाई उंबऱ्यात बसली होती. एक म्हातारा पुटपुटला, “पोरगी तसली निघंल असं वाटलं न्हवतं.” मी ऐकलं — आणि पान उलटलं.

त्या वर्षी लावणीच्या इर्जिकीला त्यांना कुणी बोलावलं नाही. इर्जिक म्हणजे आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. ज्या घराला त्यातून वगळलं, त्या घराशी वाडीनं बोलणं टाकलं असं समजायचं. मायलेकी दोघीच चिखलात वाकल्या होत्या. अर्धं रोप लावायचं राहून तिथंच पिवळं पडलेलं. हे ऐकीव नाही. रस्त्यावरून मी स्वतः पाहिलं. हौसानं मान वर करून माझ्या गाडीकडे पाहिलं. मी गिअर बदलला.

भित्रेपणा म्हणू? तत्त्व तर नक्कीच नव्हतं. काय होणार हे देवळासमोर उभा राहिलो तेव्हाच मला ठाऊक होतं. ते व्हावं, असंही वाटत होतं.

गेल्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघतेय, काही बदलायचंय का, असं त्यानं विचारलं.

चंदाचं प्रकरण आहे तसंच राहू द्या, मी म्हणालो. वाचकांना तेच सगळ्यात आवडतं.