उंदराच्या चवरीचा गिअर

दिवाळीच्या फराळाला खांबेटे काका आले की ताटातल्या दोन चकल्या उचलायचे, त्यांचे काटे एकमेकांत अडकवायचे आणि एक चकली हळूहळू फिरवून दुसरी फिरते का ते बघायचे. दुसरी कधीच फिरत नसे. ती तुटत असे. मग काका यजमानीणबाईंकडे दुःखाने बघत म्हणायचे, "चव उत्तम. पण काट्यांतलं अंतर सारखं नाही हो." अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधल्या बऱ्याच घरांत पुढे पुढे काकांच्या ताटात नुसतेच शंकरपाळे येऊ लागले.

आयुष्यभर एका विमा कंपनीत बसून लोक कधी मरतील याचे अंदाज बांधत ते रिटायर झाले होते. यंत्रांशी पोटापाण्याचा संबंध शून्य. पण त्यांच्या दोन गाड्यांच्या गराजमध्ये एकही गाडी नव्हती. गाडी बाहेर बर्फात कुडकुडायची आणि आत, हीटर लावून, पितळेचे चिमुकले गिअर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत सुखाने राहायचे. कोटाच्या बटणाएवढे, शर्टाच्या बटणाएवढे, काही तर वाटाण्याहून लहान. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीपुढचा हलता देखावा दर वर्षी या बरण्यांतून जन्माला यायचा.

माझी त्यांची ओळख शिडीमुळे झाली. मी नवीनच शेजारी राहायला आलो होतो. छपराच्या पन्हाळीत पानं अडकली होती म्हणून शिडी मागायला गेलो. काकांनी माझ्या तळहातावर एक गिअर ठेवला.

"डोळे मीट. नखाने दात मोज."

"काका, मला ती पानं काढायची होती."

"पानं कुठे पळून जातायत? मोज."

शिडी मला चार दिवसांनी मिळाली. तोवर मी तीन बरण्या मोजल्या होत्या. मी मुळात अबोल माणूस. ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर असतो आणि घरी आल्यावरही अनम्यूट करायचं राहून जातं. काकांना बोलणारा नको होता, ऐकणारा हवा होता, त्यामुळे आमचं छान जमलं. दर शनिवारी मी गराजमध्ये जाऊ लागलो.

गिअर निवडण्याबद्दल काकांची मतं ठाम होती आणि सगळी लग्नाच्या भाषेत होती. "लग्नात सगोत्र चालत नाही. इथे सगोत्रच लागतं. दाताचं माप म्हणजे गोत्र. दोघांचं एक असेल तरच बोलणी पुढे न्यायची, नाहीतर पत्रिका परत." दुकानातून गिअर घेताना लोक चमक बघतात याचा त्यांना भयंकर राग. "आधी मोटरचा दांडा बघावा, मग गिअरचं भोक, मग दात. भोक सैल असेल तर नवरा नुसताच फिरतो आणि बायको जागची हलत नाही." पितळच का, असं मी एकदा विचारलं. "स्टील उर्मट असतं. प्लॅस्टिक गोड बोलतं आणि उन्हाळ्यात पाघळतं. पितळ समजूतदार. अडलं तर स्वतः झिजेल, पण मोटरला त्रास देणार नाही." दोन गिअर बसवताना ते दातांमध्ये इंडियन ग्रोसरीच्या पावतीचा कपटा धरायचे. "कागदाएवढी फट ठेव. अगदी चिकटून संसार होत नाही."

"म्हणून हे इथे असतात आणि मी वर," चहा घेऊन आलेल्या काकू म्हणायच्या.

आता त्या वर्षाबद्दल. मंडळाचे नवे अध्यक्ष देवस्थळी यांना देखावा बंद करून मोठा एलईडी स्क्रीन लावायचा होता. "काका, लेट्स बी प्रॅक्टिकल, यार. मुलांना हल्ली हाय डेफिनिशन लागतं." काका ऐकून घेऊन घरी आले आणि कामाला लागले. बाप्पाशेजारी उभा राहून चवरी ढाळणारा, दोन फुटी, जरीचं उपरणं घेतलेला उंदीर. चवरी कशी हलावी यावर त्यांनी महिना घालवला. "संथ. राजाला वारा घालतोय तो. डास मारत नाहीये." मोटरवरचा छोटा गिअर दहा दातांचा आणि त्याने फिरवायचा मोठा साठ दातांचा, असं शेवटी ठरलं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी काका मला म्हणाले, "सुधीर, मोटरवरचा गिअर तू बसव. तुला आता जमेल." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच पाना हातात दिला. मी उंदीर घरी नेला, दिवाणखान्यात जमिनीवर बसलो, आणि तो दहा दातांचा गिअर माझ्या बोटांतून सुटून टुणटुण करत गेला आणि जमिनीतल्या हीटरच्या जाळीतून आत पडला. पाइपातून खाली जाताना त्याचा आवाज फार गोड येत होता.

काकांचं घर पन्नास पावलांवर. बरणीत तसले गिअर अजून होते. जाऊन सांगायचं होतं, एवढंच. मी गाडी काढून हायवेवरच्या छंदवाल्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "व्हॉट पिच?" दातांचं माप विचारत होता. मी म्हणालो, "स्मॉल." त्याने एक पितळी गिअर दिला. छान चमकत होता. वीस दातांचा होता आणि दातांचं माप अमेरिकन, इंचांतलं. काकांचे सगळे गिअर मिलिमीटरवाले. दिसायला सख्खी भावंडं, पण गोत्र वेगळं. मोटरच्या पट्टीला लांबट भोकं होती, मोटर जरा मागे सरकवली आणि हा थोडा मोठा गिअरही बसला. चालवून पाहिलं. उंदीर थोडा उत्साही वाटला. म्हटलं, सणाचा आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली बाप्पा बसले होते. देवस्थळी फेटा बांधून, तबक घेऊन पुढे झाले. आरती सुरू झाली, काकांनी बटण दाबलं. उंदराने दोनदा भराभर चवरी ढाळली, मग अडकला, कण्हला आणि दात सटकताच चवरी फाडकन देवस्थळींच्या नाकावर बसली. ते दचकून मागे सरले, पण जागा थोडी होती, मागे टाळ्या वाजवणाऱ्या बायका. पुन्हा दोनदा वारा आणि तिसरी थप्पड. थोड्या वेळाने देवस्थळींना ताल सापडला. तबक न हलवता ते दर तिसऱ्याला खाली वाकू लागले. मुलं जमिनीवर लोळत होती. "डू इट अगेन, माउस! गेट हिम!" शेवटी फेटाच उडाला आणि देवस्थळी आरतीच्या वरच्या पट्टीत ओरडले, "काका, उंदीर आवरा!"

मला आजही हसू येतं. मग काकांचा चेहरा आठवतो. ते बटणावर हात ठेवून उभे होते. "दात मोजायला चुकलो," एवढंच म्हणाले. मी पटकन पुढे होऊन उंदीर खोलला. लोकांना वाटलं, किती मदत करतो. मी गिअर खिशात घातला.

पुढच्या वर्षी स्क्रीन आला. त्यावर बाप्पांच्या मागे समुद्र होता, का ते माहीत नाही. काकांनी बरण्यांना झाकणं लावली. मला वाटलं होतं, देखावा गेला तरी काका राहतील. पण त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. जो माणूस साठ दात मोजू शकत नाही त्याने गाडी का चालवावी, म्हणून गाडी सोडली. औषधाच्या गोळ्या काकूंकडून मोजून घेऊ लागले. "भाजी चिरताना फोडी मोजतो हा माणूस," काकू मला दारात म्हणाल्या, "आणि परत मोजतो." देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असलेल्या मुलीने, मुग्धाने, शेवटी निर्णय घेतला. आई-बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. घर विकायचं. काकांनी कशालाच नाही म्हटलं नाही. माझी तोंड उघडायची हिंमत होईना. इतके दिवस गप्प राहिल्यावर खरं सांगायला अधिकच लाज वाटते.

घरविक्रीची पाटी लावायला एजंट येणार होता त्या सकाळी मी गेलो. काका गराजमध्ये खोक्यावर बसले होते, काकू बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी तेव्हाचा तो गिअर खिशातून काढून काकांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. जाळी, दुकान, सगळं. काकांनी डोळे मिटले आणि नख फिरवलं.

"वीस," ते म्हणाले. "दुप्पट वेग." मग खिशातून दुसरा गिअर काढून त्याला लावला, उजेडात धरला. "आणि इंचातला! म्हणून दर तिसऱ्याला अडकत होता. सुधीर, गाढवा, तू सगोत्र पाहिलं नाहीस?"

"नाही, काका."

"पिच काय सांगितलास?"

"स्मॉल."

काका इतके हसले की त्यांना खोक्यावरून उठता येईना. "अगं, माझं चुकलं नव्हतं! मी दहाच मोजले होते!" काकू हसल्या नाहीत. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "दोन वर्षं मी यांच्या गोळ्या मोजतेय!" तो धपाटा मला हवाच होता.

काकांनी लगेच मुग्धाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं.

"सुधीरदादा, यू डिड व्हॉट? स्मॉल?" ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "सो बाबा... तुम्ही आता येणार नाही? इट्स ओके. आम्ही खालची रूम पेंट केली होती. मुलांनी रंग निवडला. बट इट्स ओके, रिअली."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू मान खाली घालून बरणीभोवतीचा कागद सारखा करत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काका, नका जाऊ. मोठ्याने अर्थातच काही बोललो नाही.

"कोण म्हणतं येणार नाही?" काका फोनजवळ वाकून म्हणाले. "नीट ऐक, मुग्धा. आजपर्यंत तू मला नेणार होतीस. आता मी येतोय."