लिफ्टमधली लाल दुरुस्ती

आमच्या यांना, म्हणजे नंदकिशोरांना, दुसऱ्याचं चुकलेलं इंग्रजी बघवत नाही. जयनगरच्या आमच्या इमारतीचा सेक्रेटरी नागराज लिफ्टमध्ये नोटीस लावतो आणि हे खिशातलं लाल पेन काढून ती तिथल्या तिथे सुधारतात. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली, ती खोड जायची कशी? माणसाला ‘हू’, वस्तूला ‘विच’, ‘दॅट’ कुठे चालतं आणि कुठे नाही, हे जेवताना ऐकून ऐकून माझे कान किटले. वर माझं इंग्रजी हा घरातला कायमचा विनोद. राग यायचा मला.

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, सुमारास वाटेत गाड्या लावणाऱ्या रहिवाशांना दंडाची नोटीस लागली. नागराजने रहिवाशांना ‘विच’ लावून ठेवलं होतं. यांनी पेन काढलं आणि तसेच उभे राहिले. आमचा मजला आला, दार उघडलं, मिटलं.

“विद्या, इथे काय हवं गं?”

मला वाटलं, नेहमीसारखी माझी परीक्षा घेतायत. “तुम्हीच सांगा,” मी फणकारले. यांनी पेनाकडे पाहिलं, मग ते खिशात ठेवलं. नोटीस चुकलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून हे जिन्याने येऊ लागले. गुडघे धरत, चौथ्या मजल्यापर्यंत. व्यायाम म्हणे! नागराजने मला फाटकाशी गाठून त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं. “सरांची तब्येत सरी आहे ना, अक्का? नोटिशीला अजून लाल नाही लागलं.”

त्या दुपारी मी यांचं पेन घेतलं आणि ‘विच’ खोडून वर ‘हू’ लिहिलं, यांच्यासारखंच तिरपं. लोकांना कळू नये, एवढंच मनात होतं.

काल गुडघे फारच दुखत होते, म्हणून हे माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आले. नोटिशीपाशी थबकले, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

“अक्षर माझं आहे. हे मी कधी लिहिलं?”

इतका घाबरलेला आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“तुम्ही नाही हो. मी लिहिलं.”

लहान मुलाची समजूत काढावी तसे हे हसले. “तुला कुठे येतं गं हे?”

दार उघडलं. हे बाहेर पडेनात. पुन्हा नोटिशीकडे वळले.

“सांग ना. कधी लिहिलं मी?”