जादाचे फेरे

रस्त्यातल्या व्हॉल्व्हचं झाकण उघडण्याआधी काका त्यावर चावीने दोनदा टकटक करत. आत बेडूक असतात, त्यांना आवरायला वेळ द्यावा, म्हणत. व्हॉल्व्हचे फेरे मोठ्याने मोजत. पाणी लागेल तेवढंच ओतून घेत. त्यांच्या पेल्यात उरलेलं मी कधी पाहिलं नाही. पेन कानावर ठेवत आणि मग घरभर शोधत. फोनवर काहीही सांगितलं की लगेच विचारत, "काय ऐकलंस? सांग बघू." बायकोलासुद्धा. काकू म्हणायच्या, "कांदे मीच सांगितले होते. आणा आता."

काका पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडायचं काम करत. मोठ्या पाइपवर चार व्हॉल्व्ह, चार माणसं. काका त्यांच्यात वडील. चारही व्हॉल्व्हमधून गल्ल्यांना पाणी सुटतं आणि उरलेल्या दाबावर ते टेकडी चढतं. टेकडीवरचं शेवटचं घर आमचं. नळ होता, पाणी नव्हतं. आई रोज खालून आठ बादल्या आणायची. मला हात लावू द्यायची नाही. माझी परीक्षा असायची किंवा तिला तसं वाटायचं. गुडघे गेले तिचे. मी तक्रार करायला गेलो आणि काकांचा मित्र होऊन परतलो.

मागच्या वर्षी नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. सभागृहात म्हणाल्या, "शेवटच्या घराला पहिल्या घराइतकंच पाणी मिळालं पाहिजे." टाळ्या पडल्या. मी साहित्य शिकलेला. मला वाक्य आवडलं. काका शेजारी बसले होते.

"वाक्य झकास आहे," ते म्हणाले. "पण सकाळी साडेपाचला ते फिरवायचं कुणी?"

मॅडमनी गणित मांडून प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे ठरवून दिले. महिनाभर करून बघायचं. नाही जमलं तर टेकडीला टँकर. टँकर आमच्या चढावर येत नाही.

तीन आठवडे नळ कोरडा. मॅडमनी गणित पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं.

चौथ्या आठवड्यात काकांनी तिघांना घरी चहाला बोलावलं. मी होतोच. काकांनी सगळ्यांचे कप भरले. मग काका म्हणाले, "मी रोज दोन फेरे जादा देतो. माझी बहीण राहते त्या गल्लीत."

पहिल्या व्हॉल्व्हवरच्या पैलवानाने कप खाली ठेवला. "मी तीन देतो. नाही दिले तर बायका सोलून काढतात मला."

"एवढा देह असून?" काकांनी विचारलं.

"देह माझा आहे, तोंडं त्यांची आहेत."

उरलेल्या दोघांनी दोन-दोन कबूल केले.

"नऊ झाले," काका म्हणाले. "म्हणजे टेकडीचं पाणी आपण चौघांनीच वाटून घेतलं."

कुणी चोर नव्हता. प्रत्येकाला आपल्या गल्लीची काळजी होती.

दुसऱ्या दिवसापासून चौघं मिळून गल्लोगल्ली गेले. ज्याची गल्ली त्याने बोलायचं, बाकीच्यांनी शेजारी उभं राहायचं. काकांची बहीण दारातच म्हणाली, "सख्खा भाऊ पाणी तोडायला आला."

"तोडत नाही, ताई. बादली भरायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. वर एक बाई आठ बादल्या चढवते रोज."

"चहा मिळायचा नाही."

"नको देऊस. पाणी वाचेल."

ती हसली नाही. पण दार उघडं ठेवून आत गेली.

महिन्याचा शेवटचा दिवस. मी काकांजवळ जाऊन उभा राहिलो असतो, पण त्यांनी मला घरी नळापाशी थांबवलं. खाली फोन सुरू झाले असणार. काकांनी तसं ठरवून दिलं होतं. पैलवान म्हणणार, "आठ फेरे दिले." पुढचा म्हणणार, "आठ ऐकले." मगच तो आपला व्हॉल्व्ह फिरवणार.

नळातून आधी हवा आली. मग तांबूस पाणी. मग स्वच्छ. आईने धारेखाली हात धरला आणि तशीच उभी राहिली. बादली लावायचं तिला सुचलंच नाही.

मी फोन केला. "काका, पाणी आलं."

"काय ऐकलं मी?"

"पाणी आलं, म्हणालो."

"हां. ऐकलं."

मॅडम स्वतः काकांच्या व्हॉल्व्हवर आल्या होत्या. कसं जमवलं, विचारलं. काका म्हणाले, "गणित तुमचंच, मॅडम. आम्ही फक्त एकमेकांना खरं सांगितलं." हे मला पैलवानाने सांगितलं. सांगताना त्याची छाती होती त्याहून फुगली होती. माझीही फुगली. त्या माणसाचा मी मित्र होतो.

गेल्या रविवारी काका झोपेतून उठले नाहीत. सोमवारी साडेपाचला पैलवानाने आपला व्हॉल्व्ह सोडला, फोन केला आणि सायकल दामटत काकांचाही सोडला. आमच्याकडे पाणी वेळेवर आलं. रोज येतंय.

नव्या माणसाला विचारत बसावं लागू नये म्हणून काका झाकणांवर फेऱ्यांचे आकडे पांढऱ्या रंगाने लिहीत होते. तीन झाकणं झाली. चौथं त्यांचं स्वतःचं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी त्याचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, फडक्याने पुसलं. आकडा सकाळी लिहू म्हणाले.

झाकण तसंच आहे, घासलेलं.