आत दुमडलेले आरसे

जीप मी घेतली तेव्हा तिचे दोन्ही आरसे आत दुमडलेले होते. आधीचा मालक ठेकेदार. जंगलातल्या अरुंद वाटेवर फांद्या लागू नयेत म्हणून त्याने ते दुमडले आणि परत उघडायचं राहून गेलं. नंतर गाडी रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका कारखान्याच्या आवारात तीन पावसाळे उभी होती. माझ्याकडे आली तेव्हा आरसे दाराच्या काचेला गाल लावून बसलेले. हाताने हलत नव्हते, आणि वाकून त्यांत पाहिलं तर स्वतःचं तोंडही धुरकट दिसायचं.

तरी मला ती आवडली होती. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली, आणि चारचाकी घेणारीही मीच पहिली. हे मी लाजून सांगणार नाही. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं नवा रायपूरच्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुका दुरुस्त केल्या, आणि मग पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळवलं. डोंगरातल्या गावांच्या विहिरी आणि पाणी यांचा सर्वे. अट अशी, की गाडी स्वतःची पाहिजे आणि कागद चोख पाहिजेत. गुरुवारी निघायचं होतं. जीपच्या नोंदणीची मुदत संपत आलेली, म्हणून मंगळवारी आरटीओत तपासणी. आरशांत मागचं दिसत नसेल तर गाडी नापास, आणि गाडी नापास तर काम दुसऱ्याला. इतकं साधं.

शनिवारी दुपारी मी एकटीने सुरुवात केली. या जीपमध्ये आरशाचा दांडा दाराच्या बिजागरीवर एका जाड बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट काढला की आरसा सुटतो, नवा तिथेच बसतो. नवे आरसे मी आणूनही ठेवले होते. डाव्या बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारला, दहा मिनिटं थांबले, पाना लावला. हलेना. मग पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी पाइप चढवला. दांडा लांब केला की जोर वाढतो, हे शाळेतच शिकवतात. जोर वाढला. बोल्टचं डोकं कटकन तुटून अंगणात पडलं आणि आरसा माझ्या हातात आला. बोल्टचा बाकीचा भाग बिजागरीत तसाच.

आई दारातून पाहत होती. "निघाला का?"

"एक निघाला."

"मंग तोंड काहून असं करून राहिली?"

बाबा सिलतऱ्याला, पोलादासाठी लागणारं स्पंज आयर्न बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. शिक्षण सातवीपर्यंत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, उजव्या मनगटात आता जोर राहिला नाही. शनिवारी मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांचं मनगट हे मी आईला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मला हे माझं मी करून दाखवायचं होतं.

संध्याकाळी ते भाजी घेऊन आले, पिशवी जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि तुटलेलं डोकं उचललं. तळहातावर फिरवलं. त्याच्या खाली चिकटलेली काळी-तांबडी भुकटी अंगठ्याने घासली.

"सिलतऱ्यात उभी होती ना ही?"

"हव."

"तिथली धूळ पाणी पेते. मंग सिमिट होते."

मला राहवलं नाही. "बाबा, ते लोखंडाचे बारीक कण आहेत. गंजले की फुगतात. आट्यांमध्ये जागाच उरत नाही, म्हणून बोल्ट आवळला जातो."

"बरोबर," ते म्हणाले. "हे तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मंग पाइप काहून लावला?"

आई आत हसली ते मला ऐकू आलं. बाबांनी दोन्ही बिजागऱ्यांवर डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळली आणि पिशवी उचलून आत गेले.

मी वेल्डरला बोलावू या म्हटलं होतं. तुटक्या खुंटावर नट जोडायचा आणि फिरवून काढायचा, सगळे असंच करतात. बाबा म्हणाले, "तो आला तं रंग जळन, दाराचं रबर जळन. आधी आपण पाहू."

रविवारी सकाळी उजवी बाजू. बाबांनी खडूने बोल्टच्या डोक्यावरून बिजागरीवर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग आईच्या गॅसवर लोखंडी सळई तापवली. आई म्हणाली, "त्या शेगडीवर मले अजून पोळ्या करायच्या आहेत, तुमचा कारखाना तिकडं लावा." बाबा ऐकल्यासारखं करून सळईचं टोक लाल होईपर्यंत उभे राहिले. ते टोक फक्त बोल्टच्या डोक्यावर दाबून धरायचं, रंगाला लागू द्यायचं नाही. डोकं तापलं की त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं, जिथे माझा स्प्रे पोचला नव्हता तिथे. मग हातोडीने हलके ठोके.

पाना त्यांनी माझ्या हातात दिला. "कस."

"कसू? काढायचा आहे ना?"

"कस. केसभर. ज्या बाजूनं त्याची तयारी नाही त्या बाजूनं गंज आधी फुटते."

मी कसायला लागले. बाबांनी डाव्या हाताचं बोट अर्धं बोल्टवर आणि अर्धं बिजागरीवर ठेवलं आणि दुसरीकडे पाहू लागले, शेजाऱ्याच्या गच्चीकडे. मला काही जाणवत नव्हतं. खडूची रेघ अखंड होती.

"हलला," ते म्हणाले.

"रेघ तर तशीच आहे."

"दिसन आता."

पुढच्या जोरात रेघ मधोमध तुटली. मी कॉलेजात अशी यंत्रं वापरली आहेत जी केसाहून बारीक फरक मोजतात. ती यंत्रं चांगली आहेत. पण त्यांना आधी शून्यावर आणावं लागतं. माझ्या बापाचं बोट एवढ्या वर्षांनंतरही शून्यावर होतं.

नंतरचं काम फक्त धीराचं. पाव फेरा मागे, थोडा पुढे, मेण, ठोके, पुन्हा पाव फेरा. मी घाई केली की ते म्हणायचे, "थंड होऊ दे त्याले," आणि चहा मागायचे. चार चहा झाले. पोळ्यांच्या वेळेला बोल्ट अख्खा बाहेर आला, आट्यांमध्ये काळा चिखल घेऊन.

सोमवारी डावी बाजू, म्हणजे माझी चूक. बोल्टचा खुंट बिजागरीबाहेर जेमतेम नखभर उरला होता. तो आत तुटला असता तर बिजागरीच बदलावी लागली असती, आणि मंगळवारच्या आत ते जमणार नव्हतं. बाबांनी एवढंच सांगितलं, "डोकं गेलं, पण त्याच्यावरचा ताणही गेला. काही वाईट नाही झालं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील असं मी समजले. नंतर विचार केला तर ते शास्त्राने खरं होतं: बोल्टला ताणून धरतं ते त्याचं डोकंच.

खुंटाला पकड बसावी म्हणून समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट करायच्या होत्या. हे त्यांनी मला दिलं नाही. मनगट दुखत होतं म्हणून कानस डाव्या हाताने धरली. दहा वेळा घासायचं, अंगठ्याच्या नखाने तपासायचं, पुन्हा दहा वेळा घासायचं. दुपारभर. मी छत्री धरून उभी होते आणि त्यांच्या पाठीवरचा घाम पाहत होते. या माणसाने मला परीक्षेच्या दिवसांत कधी "अभ्यास कर" म्हटलं नव्हतं. आता कळलं, त्यांना वाटत असावं की काम समोर असलं की माणूस ते करतोच, त्यात सांगण्यासारखं काय.

मग सळई, मेण, ठोके. पकड मी लावली. आधी कसलं, केसभर. बाबांचं बोट जागेवर.

"आता उलटं. श्वास सोड आणि फिरव."

खुंट फिरला. आतून कोरडा, बारीक आवाज आला, आणि पुढचा फेरा सोपा गेला. मी ओरडणार होते, पण बाबांनी आधीच जुना दातांचा ब्रश मागितला होता. त्यांनी दोन्ही भोकांतले आटे घासून साफ केले आणि नव्या बोल्टना बोटाने ग्रीस लावलं, भरपूर.

"एवढं कशाला?"

"उद्या कोणाले काढा लागला तं निघाला पाहिजे."

तो कोणीतरी कोण असेल हे त्यांना माहीत नव्हतं. कारखान्यातही माहीत नसायचं. मी अहवाल लिहिते तेव्हा खाली माझं नाव येतं, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी आयुष्यभर बसवलेल्या बोल्टांवर कुणाचं नाव नाही.

मंगळवारी नवे आरसे लावलेली जीप घेऊन मी आरटीओत गेले, तेव्हा ते माझ्यासोबत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. तपासणीच्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. डावा आरसा एका बोटाने ढकलला, तो गुपचूप दुमडला, ओढला तसा उघडला. साहेबांचं लक्ष तोवर टायरकडे गेलं होतं. "ठीक है," म्हणाले आणि कागदावर सही केली. दोन दिवसांच्या कामाला त्यांनी दोन सेकंदही दिले नाहीत, याचा मला बाबांच्या वतीने राग आला. बाबांना नव्हता आला. त्यांनी मला फक्त एवढं विचारलं, "झालं ना? मंग चाल."

परतताना शहरातल्या तेलीबांध्यापर्यंत ते शेजारी बसून डाव्या आरशात मागची रहदारी पाहत होते. तिथल्या तलावाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा काच खाली करून त्यांनी आरसा जरा बाहेर वळवला.

"तुले दिसते ना तिथून?"

"थोडा आत घ्या, बाबा."

त्यांनी आत घेतला. मागे एक बस, दोन स्कूटर, पूर्ण रस्ता दिसत होता.

"दिसते," मी म्हटलं, आणि गुरुवारी सकाळी किती वाजता निघायचं ते आम्ही ठरवू लागलो.