पाद्रीसाहेबांच्या शेजारची जागा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका बसवायला अवघड माणूस साऱ्या चंडीगडात सापडायचा नाही. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत ते आणि माझे यजमान एकाच टेबलाशी उपकरणं जुळवायचे. मी सांगलीहून नवी आलेली, नव्या सोफ्याच्या तोऱ्यात. त्यावर धूळ बसलेली मला खपत नसे, माणसं तर दूरच. पहिल्यांदा जेवायला आले ते सोफ्यासमोर उभेच. भांडी घासणाऱ्या कमलाकडे पाहून म्हणाले, “पहले ये बैठें जी.” कमला लाजून आत पळाली, तसे हे फरशीवर बसले. मग यजमान, आणि शेवटी रेशमी साडी सावरत मीही. सोफा तेवढा ऐटीत रिकामा. नात आज विचारते, “आजी, आप सच में ऐसी थीं?” होते बाई.

शेजाऱ्यांच्या या हट्टाचं मूळ पाद्रीसाहेब. इंग्रजी अमदानीतले हे प्रेस्बिटेरियन पाद्री तट्टावर तंबू लादून गावोगाव उपदेश करत फिरायचे. गावाने मानाची खाट टाकली, तरी जमिनीवर बसवलेल्या एखाद्याला शेजारी घेतल्याशिवाय ते टेकत नसत. असा पहिल्यांदा खाटेवर बसलेला, चामडं कमावणारा माणूस म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचे पणजोबा. त्या तट्टाच्या खोकल्याची हकिगत शेजारी इतक्या काळजीने सांगतात, की मी एकदा आल्याचा काढा सुचवला होता.

पाद्रीसाहेबांची एकच खूण उरली होती, चंडीगडला लागूनच्या मुल्लानपूरला शेताच्या कडेचं मातीचं थडगं. गेल्या वर्षी त्यावरूनच नव्या वसाहतीचा रस्ता आखला गेला. कचेऱ्यांत खेटे घालून दमल्यावर शेजारी थडग्यापाशीच जाऊन उभे राहिले. मी डबा घेऊन सोबत. ठेकेदाराने खुर्ची आणवली.

“बैठो जी, बुज़ुर्ग हो.”

“पहले आप.”

खुर्ची एकच. शेवटी तिघंही मातीत बसलो. ठेकेदाराने खोकल्यासकट सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, “नक्शा ऊपर से आता है, बाबूजी.”

रस्ता झाला.

आता शेजाऱ्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे फरशी बंद. रविवारी प्रार्थनेहून येतात आणि काठी टेकून सोफ्यासमोर उभे राहतात. केस पिकलेली कमला हात पुसत येते, मधोमध ऐसपैस बसते. “बैठो बाबूजी, मैं बैठ गई.” ते तिच्या शेजारी टेकतात, पलीकडे मी दाटीने. सोफ्याचं कापड केव्हाच विरलंय. शेजारी काठी बाजूला ठेवून हकिगत सुरू करतात. मग पाद्रीसाहेबांचं तट्टू पुन्हा गावाच्या वेशीशी येतं, आणि खोकतं.