जैसे थे गटातला व्हर्लिन

व्हर्लिन टॉस्टेरुडनं उत्तर मिनेसोटात पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली. एकदा हो म्हटलं की दगडावरची रेघ! गावाला या गुणाचं केवढं कौतुक. याच गुणानं म्हाताऱ्याचं वाटोळं केलं, हे मात्र कुणी तोंडातून काढत नाही.

बायको आर्डिस अर्धांगवायूनं एका अंगानं लुळी पडली होती. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, दिवसातून सहा वेळा तिला उचलायचं. व्हर्लिन त्र्याहत्तरचा, तिसऱ्यांदा उचलतानाच मांड्या लटपटायच्या. सरकारी नर्सनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "तुम्हाला झेपतंय तोवर त्या घरी. एकदा का पाडलंत, की वृद्धाश्रम." आणि आर्डिसला तर वृद्धाश्रम म्हटलं तरी रडू फुटायचं.

म्हणून चर्चमधल्या फळ्यावर विद्यापीठाची चिठ्ठी दिसताच तो धावला. सत्तरीपुढची माणसं हवी होती, वर्षभर सायकल चालवायला. मेहुणा डेल्मरही सोबत आला. तो सडाफटिंग, आयुष्यात मासळीच्या गळापेक्षा जड काही उचललेलं नाही.

डॉक्टर हॅलोरनबाईंनी समजावलं, "स्नायूंत बारीक भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. वय झालं की त्या कमी होतात, मंदावतात. दमसासाचा व्यायाम नेटानं केला तर म्हातारपणीही पुन्हा वाढतात, असं आम्हाला वाटतं. तेच तपासायचंय."

दोघांनी सह्या केल्या. सुईनं मांडीतून स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून घेतला. मग संगणकानं चिठ्ठ्या काढल्या. डेल्मरला सायकल, व्हर्लिनला 'जैसे थे' गट. म्हणजे वर्षभर जसे आहात तसेच राहा, नवा व्यायाम करायचा नाही. तुलनेला कुणीतरी लागतंच ना!

"चिठ्ठी आहे भावजी, माझा काय दोष?" डेल्मर दात काढून म्हणाला.

"कधीही सोडून जाता येईल," असंही कागदात लिहिलं होतं. व्हर्लिननं ते वाचलं होतं. पण अर्ध्यावर सोडणं त्याच्या बापाला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नाही.

आर्डिस चिडली. "तळघरात जुनी सायकल पडलीय ना? चालव की चोरून! कोण बघायला येतंय?"

"सही केलीय मी, आर्डिस."

"माझ्याशी लग्न करतानाही केली होतीस!"

 तो कॉफीचा कप विसळत राहिला. अरे, काय म्हणावं या माणसाला! डॉक्टरबाईंच्या आकड्यांची काळजी, आणि घरात बायको जीव मुठीत धरून लोंबकळतेय. दर महिन्याच्या फॉर्मवर तो इमानानं लिहायचा : व्यायाम नाही. डेल्मर मात्र लालबुंद गालांनी जेवायला यायचा, मटणाचे गोळे चापायचा आणि सांगायचा, "जिना पळत चढतो मी आता!" आर्डिस तोंड फिरवायची.

नवव्या महिन्यात, सकाळी न्याहारीच्या आधी, आर्डिसला उचलताना व्हर्लिनचे गुडघे मध्येच वाकले. आर्डिस खाली आणि तो तिच्यावर. तिचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून ती परस्पर वृद्धाश्रमात गेली. व्हर्लिननं वर्ष पुरं केलं. दुसरा तुकडाही देऊन आला.

हॅलोरनबाईंनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली. डेल्मरच्या स्नायूत त्या भट्ट्यांचे ठिपके दाटलेले, व्हर्लिनच्यात आधीपेक्षाही विरळ. बाई खुशीत होत्या. "तुमचे फार आभार! या गटातले निम्मे लोक गुपचूप चालायला, पोहायला लागतात. आम्ही ते धरूनच चालतो. तुमच्यासारखा शब्दाचा पक्का माणूस विरळा."

"निम्मे?" व्हर्लिननं विचारलं.

"निम्मे तरी."

 त्यानं शब्द पाळावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती! त्याच्या मनात आलं, या बाईला एक सणसणीत शिवी हासडावी. पण तो म्हणाला, "बरं."

वर्ष संपल्यावर 'जैसे थे' गटालाही विद्यापीठात सायकल फुकट चालवायला मिळायची. बैल गेला आणि झोपा केला! तरीही तो सहा महिने गेला, एक दिवस चुकला नाही. पाय भरले, दम टिकू लागला. घरी चाळीस किलोची पोती खाली-वर करून पाहिली, एकही सुटलं नाही. मगच तो तिला आणायला वृद्धाश्रमात गेला. मोठ्या नर्सशी भांडला, शेवटी तिनं तोंडी परवानगी दिली : बाई तयार असतील तर न्या.

आर्डिस खिडकीजवळच्या खुर्चीत होती. व्हर्लिन वाकला, दोन्ही हात तिच्या काखेत घातले.

"चल गं घरी. आता जमतं मला. खरंच जमतं."

तिचं धड अंग लाकडासारखं ताठ झालं. चांगल्या हातानं तिनं खुर्ची घट्ट धरली.

"नको रे व्हर्लिन," ती म्हणाली. "सोड. तू हात लावलास की मला भीती वाटते."